मशीनमधला सतरा मार्च

३ जून, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांनी आज ही वही हातात दिली आणि म्हणाले, "मिस्त्री, मशीनचं काय काय झालं ते रोज लिहीत जा. उद्या कोणी विचारलं तर कागद हवा." बरं म्हटलं. पुढून उघडली की मशीनची वही, मागून उघडली की माझी. जे डॉक्टरांना वाचून दाखवता येणार नाही ते इकडे.

तर झालं असं की सकाळी दोन नंबरच्या मशीननं कामाला नकार दिला. पडद्यावर लाल पाटी: 'सेवेची मुदत संपली. कंपनीच्या तंत्रज्ञाचा कोड टाका.' दुपारी तीन नंबरनं तीच पाटी लावली. एक नंबर अजून शहाणं आहे, पण किती दिवस, देव जाणे.

ही तीन डायलिसिसची मशीनं दोन वर्षांपूर्वी एका श्रीमंत देशातल्या मोठ्या हॉस्पिटलानं आम्हाला दिली. त्यांनी नवीन घेतली, जुनी इकडे आली. फीत कापली, फोटो निघाले, फोटोत मी डावीकडून शेवटचा, अर्धा. किडन्या बंद पडलेली बारा माणसं आठवड्यातून दोनदा येतात, चार चार तास मशीनला जोडून रक्त धुवून घेतात आणि घरी जातात. त्यातली एक माझी ताई. मंगळवार आणि शुक्रवार. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात अशीच दान आलेली दोन मशीनं आहेत. त्यापुढचं थेट राजधानीत, बसनं आठ तास.

कंपनीला फोन लावला. बाई फार गोड बोलली. तुमचा देश आमच्या यादीत नाही म्हणाली. मी विचारलं, मग मशीन कसं आलं? म्हणाली, ते आम्ही तुम्हाला विकलेलं नाही. कोड हवा तर कंपनीचा माणूस यायला हवा, आणि माणूस यायचा तर देश यादीत हवा. यादी कोण करतं, असं विचारल्यावर तिनं फोनवर गाणं लावलं. पंधरा मिनिटं ऐकलं. चाल वाईट नव्हती.

ताईला आज एक नंबरवर बसवलं. बाकीच्यांना उद्या या म्हणून सांगितलं. उद्या काय सांगायचं ते माहीत नाही.

५ जून, गुरुवार

जमलं! जमलं! जमलं!

मशीनला मुदत संपली हे कळतं कसं? आत एक घड्याळ आहे, बटणाएवढ्या बॅटरीवर चालतं. आणि त्या घड्याळाची तारीख बदलायला कोड लागत नाही. कंपनीतले एवढे हुशार लोक, दाराला सात कुलपं लावली आणि खिडकी उघडी ठेवली. मी तारीख मागल्या वर्षीच्या सतरा मार्चला नेली. लाल पाटी गेली. मशीन गुणी बाळासारखं सुरू झालं.

सिस्टरनी दोन्ही हातांनी कानशिलावर बोटं मोडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे फक्त इथेच लिहितो.

कोणी म्हणेल मिस्त्रीनं काम टाळलं. अजिबात नाही. पुस्तकात सांगितलेलं एकूण एक काम मी केलंय. फिल्टर बदलले, पंप उघडून पुसले, पाणी तपासलं, दाब मोजला, आणि हे सगळं त्या पुढच्या पानांत तारखेनिशी लिहिलंय. कमी होता तो फक्त कंपनीचा आशीर्वाद. आता रोज सकाळी मशीन चालू करताना तारीख मागे न्यायची. बाहेर काहीही असो, आमच्या वॉर्डात रोज सतरा मार्च.

नदीपलीकडच्या हॉस्पिटलातल्या चष्मेवाल्याला फोनवर सगळं शिकवलं. तो माझ्यासारखाच मशीनवाला. त्याचीही दोन्ही मशीनं बंद पडली होती. म्हणाला, "मिस्त्री, तुझे पाय धुवून पाणी पितो." म्हटलं, तुझ्या तिकडचं पाणी आधी तपास.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कंपनीचा माणूस येतोय! यादीत नसलेल्या देशात! दान गेलेली मशीनं कशी चाललीत ते पाहायला कंपनी कोणाला तरी फिरवतेय म्हणे. मोठे डॉक्टर सकाळपासून घामाघूम. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तारखेचं बोलू नका. विचारलं तरी बोलू नका. चालतायत म्हणायचं, बस्स." मी म्हटलं, सर, मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१२ ऑगस्ट, मंगळवार

पाहुणा आला. एवढा उंच की वॉर्डाच्या दारात कपाळ आपटलं. ताई मशीनला जोडलेली होती, हात हलवता येत नाही तरी हसू आवरेना तिला. "अरे, या लांब्याला आधी बर्फ आण," म्हणाली. तेव्हापासून तो लांब्याच.

हॉस्पिटलच्या पाहुण्यांच्या खोलीत नळाला पाणी नाही, पंखा फिरतो पण वारा देत नाही. म्हणून घरी घेऊन आलो. बायको दारातच म्हणाली, "अहो, पलंगात मावणार का हे?" नाही मावला. पायांखाली स्टूल ठेवलं.

त्याची भाषा मला येते, पण मशीनच्या पुस्तकातून शिकलेली. 'सावधान', 'झाकण उघडा', 'अर्धा फेरा फिरवा' हे फर्डं येतं. 'कसे आहात'ला अडखळतो. त्याला त्याची फार मजा वाटली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज आम्ही दोघांनी मिळून एक नंबरचा पंप उघडला. तो टुर्रर आवाज करत होता, मला वाटायचं माझेच कान वाजतात. लांब्यानं कान लावला आणि म्हणाला, मागची रिंग झिजलीय. मी चार महिने हेच म्हणतोय! पण कोणाला म्हणणार? डॉक्टरांना पंप म्हणजे पंप. सिस्टरना आवाज म्हणजे डोकेदुखी. वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशेजारी फरशीवर बसून माझ्याइतकंच त्या आवाजाकडे लक्ष दिलं. तो मला मिस्त्री म्हणत नाही. कलीग म्हणतो. अर्थ मला माहीत आहे.

रिंग तिकडून पाठवतो म्हणाला. तोवर एक नंबर उघडंच पडू दे, दोन आणि तीनवर भागवतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं. तारखेचं सांगितलं.

त्यानंच विषय काढला. म्हणाला, या मशीनची मुदत तर केव्हाच संपायला हवी होती, तू काय जादू केलीस? तोंड उघडायच्या आधी डॉक्टर आठवले, खोटं कशाला बोलू. पण समोर असा माणूस बसलाय की ज्याला या गोष्टीची खरी किंमत कळेल. जगात असे किती? मी दाखवलं. तो हसता हसता मागे पडला, पाठीवर थाप मारली, म्हणाला, आमच्या इमारतीतल्या चारशे माणसांना हे सुचलं नाही. पुन्हा एकदा कर, सावकाश, म्हणाला. फोनवर व्हिडिओ घेतला. मी हात स्वच्छ पुसून पुन्हा केलं.

ताई शेजारच्याच खुर्चीवर होती. तिचे डोळे मिटलेले होते.

घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "सगळं दाखवलंत? सगळं?" मी म्हटलं, तुला माणसाची पारख नाही. ती म्हणाली, "मी पंधरा वर्षं दुकानात बसते. जो आधी पाठ थोपटतो तो नंतर भाव पाडतो." इतका राग आला. चार दिवस आपल्या घरात जेवलेल्या माणसाबद्दल असं बोलायचं? पाहुण्यासमोर भांडता येईना म्हणून गप्प बसलो.

१७ ऑगस्ट, रविवार

लांब्या गेला. जाताना एक पांढरा डबा देऊन गेला, हाताच्या पंजाएवढा. आमच्या तळमजल्यात फोनला रेंज येत नाही, पण या डब्यामुळे इंटरनेट येतं! दोन आणि तीन नंबरला वायर जोडून दिली. आता तो तिकडे टेबलाशी बसून आमची मशीनं बघू शकेल, काही बिघडलं तर लगेच सांगेल. एक नंबर उघडं पडलेलं, ते रिंग आल्यावर जोडू म्हणाला.

एका कागदावर सही हवी होती. मोठे डॉक्टर राजधानीत मीटिंगला. मीच केली. खाली छापलेलं होतं, 'जबाबदार तंत्रज्ञ'. वीस वर्षांत माझी सही पगाराच्या कागदाशिवाय कुठे लागली नव्हती. नऊ पानं होती, बारीक अक्षरात. मी पहिलं वाचलं आणि शेवटचं.

बस सुटताना मिठी मारली. माझं डोकं त्याच्या खिशापाशी आलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

रिंग आली! पार्सलात त्याच्या मुलींचा फोटोही. दोघी लांब्याच. ताईनं फोटो मागून घेतला, खुर्चीशेजारी ठेवला. बायकोला मुद्दाम दाखवला. ती काही बोलली नाही, म्हणजे हरली.

रिंग बसवायची आहे, पण गडबडीत राहतंय. दोन आणि तीन छान चालतायत.

११ सप्टेंबर, गुरुवार

लांब्यानं विचारलं, ही तारखेची युक्ती आणखी कुठे कुठे वापरतात? विचारतोय म्हणजे काळजी आहे. मी चष्मेवाल्याचं हॉस्पिटल सांगितलं, नाव-पत्त्यासकट, फोन नंबरसकट. म्हटलं, त्यांनाही एक डबा पाठव, त्यांच्या तळमजल्यातही रेंज नाही. पाठवतो म्हणाला. शब्दाचा पक्का माणूस.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चष्मेवाल्याला डबा मिळाला. फोन करून म्हणाला, "तुझ्यामुळे आमच्याकडेही उजेड आला." मी थोडा भाव खाल्ला. लांब्याची उत्तरं हल्ली उशिरा येतात. कामात असेल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सातला मशीनं चालू केली. दोन्हींवर निळी पट्टी, हळूहळू भरत गेली. नवं काहीतरी आपोआप येतंय म्हणून मी कौतुकानं बघत उभा राहिलो. सिस्टरनाही बोलावलं, बघा म्हटलं, तिकडून येतंय.

पट्टी भरली. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. 'रुग्णांच्या सुरक्षेसाठी यापुढे तारीख आपोआप ठरेल.' खाली आजची तारीख. चौदा ऑक्टोबर. त्याखाली लाल पाटी.

घड्याळात गेलो. तारीख बदलायची जागाच नाही. होती तिथे रिकामं. डब्याची वायर काढली. काही नाही. बॅटरी काढली, पुन्हा घातली. डबा लावला की आजची तारीख, डबा काढला की 'जोडणी नाही, मशीन बंद'. दहा वाजेपर्यंत हेच करत बसलो. बाहेर बाकावर चार माणसं, त्यात ताई.

लांब्याला संदेश. उत्तर दोन मिनिटांत आलं, मी उडालोच. 'मी सध्या रजेवर आहे. तातडीचं काम असल्यास आपल्या देशातील कार्यालयाशी संपर्क साधा.'

एक नंबर! ते उघडंच पडलेलं, त्याला वायरच नव्हती. माझा आळस कामी आला. तासाभरात रिंग बसवली, झाकण लावलं, तारीख मागे नेली. चाललं. अकराला ताईला बसवलं. ती म्हणाली, "अरे, लांब्याला सांग ना, तो करेल काहीतरी." हो म्हटलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चष्मेवाल्याचा फोन. त्याची दोन्ही बंद. त्याच्याकडे उघडं पडलेलं तिसरं मशीन नाही.

"मिस्त्री, ही युक्ती कोणाला सांगितलीस का रे?"

"नाही."

"मग त्यांना कळलं कसं?"

"मला काय माहीत."

हे मी बोललो. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मोठ्या डॉक्टरांनी हिशेब मांडला. एक नंबर म्हातारं आहे. दोन माणसांनंतर धुवायला, थंड करायला हवं. म्हणजे दिवसाला दोन, आठवड्याला बारा. माणसं बारा. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा, दोनदाऐवजी. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. ताईच्या वाट्याला शुक्रवार आला.

राजधानीत आठ तास बसनं जाऊन यायचं, तेही नंबर लागला तर. दोघांनी जायचं ठरवलं आणि दुपारपर्यंत रद्द केलं. त्यांना बसमध्ये बसवत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लांब्याला आतापर्यंत अकरा संदेश. ताई पहिल्यांदाच मंगळवारची घरी आहे. पाय सुजलेत, चप्पल जात नाही. पाणी मोजून पिते, वाटीत बर्फाचा एक खडा घेऊन चघळत बसते. बायको दुकान बंद करून तिच्यापाशी होती. ती माझ्याकडे बघत नाही, आणि मला वाटतंय तिनं एकदाचं बोलून टाकावं.

मी मनाशी अजून म्हणतोय, त्याला माहीत नसेल. वरच्यांनी केलं असेल. त्यानं हाणून पाडायचा प्रयत्न केला असेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

लांब्याचं पत्र आलं. हॉस्पिटलच्या ईमेलवर, डॉक्टरांकडे. डॉक्टरांनी छापून घेतलं, मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

पत्र छान आहे. अगदी मनापासून लिहिलंय, हेच तर. 'प्रिय कलीग, तुझ्यामुळे आमच्या मशीनमधली एक गंभीर त्रुटी सापडली. अठ्ठावीस देशांतल्या मशीनमध्ये आम्ही ती दुरुस्त केली. माझ्या अहवालाचं कंपनीत फार कौतुक झालं आणि तुझ्याशिवाय हे शक्य नव्हतं, हे मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या घरी मिळालेलं प्रेम विसरणार नाही. तुझ्या बहिणीला नमस्कार.' सोबत मला प्रशस्तिपत्र. कंपनीचा शिक्का, वर सोनेरी पट्टी, मध्ये माझं नाव, स्पेलिंगसुद्धा बरोबर.

बहिणीला नमस्कार.

शिवी दिली असती, खोटं बोलला असता, तर मी त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यानं केसानं गळा कापला आणि त्याला वाटतंय माझा सत्कार केला. चार दिवस आमच्याकडे राहिला, आमच्या ताटात जेवला, ताईच्या नळ्यांतून रक्त फिरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी त्याला त्या खुर्चीत माणूस नाही दिसलं, त्रुटी दिसली. की माणूसही दिसलं आणि तरीही? यातलं वाईट कोणतं, मला ठरवता येत नाही. मी त्याला भाऊ मानला होता. आता लिहिताना लाज वाटते, पण मानला होता.

डॉक्टर ओरडले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

प्रशस्तिपत्र फाडलं नाही. फाडायचा तरी हक्क आहे का मला? सही माझीच होती.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज ताईची पाळी. आठवडाभरानं. दोन पायऱ्या चढताना तीनदा थांबली. वजन पाच किलो जास्त, सगळं पाणी. सिस्टरनी सुया लावल्या, मशीन सुरू झालं, मी तिच्याशेजारी स्टुलावर बसलो. वॉर्डात आम्ही तिघंच.

म्हटलं, "ताई, लांब्याला मीच दाखवलं. मशीनं त्याच्यामुळे बंद पडली. म्हणजे माझ्यामुळे."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कसं?"

"मी त्याच खुर्चीत होते की. डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. तो पुन्हा कर म्हणाला, फोन काढला, तेव्हाच ओळखलं मी."

मला एकदम संताप आला. आजारी बहिणीवर ओरडलो. "मग बोलली का नाहीस? एक शब्द! एक शब्द बोलली असतीस तर!"

"किती खुश होतास रे," ती म्हणाली. "तुला कधी असं पाहिलं नव्हतं. आणि बोलले असते तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. बायकोचं ऐकलं नाही, डॉक्टरांचं ऐकलं नाही. ताईलाही म्हणालो असतो, तुला माणसाची पारख नाही.

सिस्टर खिडकीशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या, बाहेर बघण्यासारखं काही नसताना. मग ताई म्हणाली, "त्या नदीपलीकडच्याला सांगितलंस का? नाही ना? मग लाव फोन. आत्ता लाव, मी आहे इथे."

जिन्यापाशी थोडी रेंज येते, तिथपर्यंत गेलो. दार उघडंच होतं, ताईला ऐकू जात होतं. चष्मेवाल्याला सगळं सांगितलं. युक्ती मी दाखवली. तुझं नाव मी दिलं. डबा पाठव असं मीच सांगितलं. आणि त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो.

तो म्हणाला, "आमचे सात होते. दोघं राजधानीला गेले. तिघं आता नाहीत."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो.

"राहिले त्यात एक मुलगी आहे, एकोणीस वर्षांची," तो म्हणाला. आवाज साधा होता, मशीनचं बोलतो तसाच. "तुझं एक चालू आहे ना? मी उद्या सकाळी स्वतः घेऊन येतो तिला. एक पाळी, मिस्त्री. आठवड्यातून एकच."

बारा पाळ्या आहेत आणि बारा माणसं. त्यांतल्या अकरांना माझ्या शब्दानं हलवता येत नाही. एकीला येतं.

मी नाही म्हणालो. जागा नाही म्हणालो. तो बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

परत आलो तेव्हा ताई जागी होती. माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं, शेवटचं नाहीसुद्धा. मी पंपाचा दाब पाहिला, पाण्याचा आकडा पाहिला, वहीत लिहिला. अजून पावणेतीन तास होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी शेवटपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.